केबल शेवटी जोडा: कॉम्प्युटरवरची गाणी फोनमध्ये नीट कशी न्यावीत

गाणी कॉम्प्युटरवर आहेत, फोनमध्ये भरपूर जागा आहे, हातात केबल आहे. मग अडचण कसली? म्हणून केबल जोडली जाते, 'गाणी' नावाचं अख्खं फोल्डर ओढून फोनवर टाकलं जातं आणि दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू होतात. निम्मी गाणी दिसतच नाहीत. एकाच कॅसेटचे सात अल्बम झालेत. गायकाच्या जागी 'अननोन' आलंय. नाटकातली पदं भलत्याच क्रमाने वाजतात. 'फोनमध्येच अख्खा संग्रह' हे स्वप्न तिथेच मोडतं आणि दोष फोनला दिला जातो.

फोनचा दोष असतोही, पण थोडा. बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकलेला असतो. केबल जोडण्याआधी जे करायचं ते केबल जोडल्यानंतर फोनवर करायला गेलं, की ते कधीच पुरं होत नाही. म्हणून या लेखातले पहिले पाच टप्पे कॉम्प्युटरवरचेच आहेत. ते वगळून थेट सहाव्यावर जाऊ नका.

सगळ्याच्या बुडाशी एकच नियम आहे. मूळ संग्रह कॉम्प्युटरवर राहील, फोनमध्ये फक्त त्याची प्रत जाईल, आणि गाणी कॉम्प्युटरकडून फोनकडे जातील, उलट कधीच नाही. फोन हरवतो, पाण्यात पडतो, दोन-तीन वर्षांनी बदलतो. आजोबांच्या कीर्तनाचं एकमेव ध्वनिमुद्रण फोनमध्ये ठेवणं म्हणजे ते गमावायची तारीख पुढे ढकलणं.

## टप्पा १: तुमच्या मालकीचं काय आहे ते वेगळं काढा

स्ट्रीमिंग ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणं ही तुमची फाइल नाही. ते कुलूपबंद असतं, त्याच ॲपमध्ये वाजतं आणि वर्गणी संपली की वाजायचं थांबतं. ते केबलने कॉम्प्युटरवर नेता येत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

तुमचं म्हणजे काय? सीडीवरून काढलेली गाणी, कॅसेटवरून उतरवलेली, विकत घेतलेल्या खुल्या फाइली आणि घरची ध्वनिमुद्रणं. परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एक खास सूचना: २००९ पूर्वी आयट्यून्सवरून घेतलेली बरीचशी गाणी 'एम४पी' प्रकारची, म्हणजे कुलूपबंद आहेत. ती ॲण्ड्रॉइडवर वाजणार नाहीत. फाइलच्या नावाचा शेवट बघा. 'एम४ए' असेल तर काळजी नाही.

व्हॉट्सॲपवरून आलेली गाणी आत्ताच तपासा. ॲण्ड्रॉइडवर ती ऑडिओ म्हणून आली असतील, तर फाइलचं मूळ नाव जाऊन त्या जागी तारीख आणि क्रमांक आलेला असतो. अशा शंभर फाइली संग्रहात मिसळल्या, की कोणतं गाणं कुठलं हे ऐकूनच ओळखावं लागतं. पुढच्या वेळी पाठवणाऱ्याला सांगा, 'डॉक्युमेंट म्हणून पाठव.' मग नाव टिकतं.

## टप्पा २: एकच मूळ फोल्डर आणि त्याची दुसरी प्रत

गाणी डेस्कटॉपवर, 'डाउनलोड्स'मध्ये, जुन्या लॅपटॉपवर, दोन पेन ड्राइव्हवर अशी विखुरलेली असतात. ती सगळी एका फोल्डरखाली आणा. आतली रचना साधी ठेवा: आधी कलाकार किंवा नाटक-चित्रपट, त्याखाली अल्बम, त्याखाली गाणी. 'नवीन', 'नवीन २', 'आईची गाणी फायनल' अशी फोल्डरं याच टप्प्यावर मोडून टाका.

मग हे फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. पुढच्या टप्प्यांत शेकडो फाइलींची नावं आणि टॅग (फाइलच्या आत लिहिलेली गाण्याची माहिती) एकदम बदलणार आहोत. चुकीचं बटण दाबलं गेलं तर परतीची वाट हवी.

तपासा: दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि एकूण आकार सारखा आहे का? नसेल तर इथेच थांबा.

## टप्पा ३: फॉरमॅट

एमपी३ आणि एएसी (एम४ए) कुठेही वाजतात, त्यांना हात लावू नका. प्रश्न तिघांचा असतो.

'डब्ल्यूएमए' फाइली जुन्या विंडोज मीडिया प्लेअरने सीडीवरून काढलेल्या असतात. आयफोनच्या म्युझिक ॲपमध्ये त्या वाजत नाहीत, ॲण्ड्रॉइडवर कंपनीनुसार कधी वाजतात, कधी नाही. मूळ सीडी हाताशी असेल तर ती पुन्हा काढा. नसेल तरच एमपी३ किंवा एएसीमध्ये बदला, कारण बदलताना आवाज थोडा तरी बिघडतोच.

'वेव्ह' फाइली मिनिटाला साधारण १० एमबी जागा खातात. मूळ म्हणून त्या एफएलएसी करून ठेवा. आवाजात काहीही फरक न पडता जागा बरीच वाचते.

'एफएलएसी' ॲण्ड्रॉइडवर चालतो, पण आयफोनच्या म्युझिक लायब्ररीत जात नाही. तिथे तो ॲपल लॉसलेस या आवाज न बिघडवणाऱ्या ॲपलच्या प्रकारात बदलावा लागतो.

फोनसाठी माझं मत स्पष्ट आहे: २५६ केबीपीएस बिटरेटचं (गाण्यात दर सेकंदाला किती डेटा आहे, याचं माप) एएसी किंवा एमपी३ पुरे. ब्लूटूथ इअरफोन वापरत असाल तर आवाज वाटेत पुन्हा दाबला जातोच, त्यामुळे फोनमध्ये एफएलएसी भरून हाती फारसं काही लागत नाही. हिशेबही सोपा आहे. १२८ केबीपीएसला मिनिटामागे सुमारे १ एमबी, २५६ला सुमारे २ एमबी, ३२०ला सुमारे अडीच. पाच-पाच मिनिटांची हजार गाणी २५६ला साधारण १० जीबीत बसतात.

सावधान: १२८ची एमपी३ फाइल ३२० किंवा एफएलएसीमध्ये बदलून आवाज सुधारत नाही. गेलेला आवाज परत येत नाही, फक्त फाइल फुगते.

## टप्पा ४: टॅग, म्हणजे गाण्याच्या आतली पाटी

सगळ्यात जास्त निराशा इथे पदरी येते, म्हणून इथे सावकाश जा. फोनमधला प्लेअर बहुधा फोल्डर पाहतच नाही. तो प्रत्येक फाइलच्या आत लिहिलेलं गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम आणि क्रमांक वाचतो. तुमची फोल्डरं कितीही नीटनेटकी असोत, आतली पाटी कोरी असेल तर फोनवर 'अननोन'च दिसणार.

विंडोजवर आणि मॅकवर एमपी३टॅग हा प्रोग्राम या कामाला उत्तम. एक अल्बम उघडा, सगळी गाणी निवडा आणि या क्रमाने भरा.

४.१ आधी 'अल्बम आर्टिस्ट'. हे एक खानं रिकामं राहिल्याने सगळा घोळ होतो. समजा नाट्यपदांच्या एका संचात बारा पदं आणि सहा गायक आहेत. 'आर्टिस्ट'मध्ये प्रत्येक पदाचा गायक आहे आणि 'अल्बम आर्टिस्ट' कोरं आहे. कितीतरी प्लेअर याचे सहा वेगळे अल्बम करतात. पडद्यावर तेच नाव सहादा दिसतं, एकात चार पदं, दुसऱ्यात एकच. 'अल्बम आर्टिस्ट'मध्ये बाराही पदांना एकच मजकूर द्या. नाटक-चित्रपटासाठी मी संगीतकाराचं नाव देतो, सरमिसळ संचाला 'विविध गायक'. काय लिहिता याला महत्त्व कमी, सगळीकडे अक्षरशः तेच असण्याला जास्त.

४.२ मग कलाकाराचं नाव, एकाच रूपात. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि 'पंडित भीमसेन जोशी' हे फोनच्या लेखी तीन वेगळे गायक आहेत. रोमन लिपीतलं नाव हा चौथा. एकच रूप ठरवा, वहीत लिहून ठेवा आणि तेच वापरा. नावापुढची मोकळी जागासुद्धा काही प्लेअर वेगळी धरतात.

४.३ लिपी ठरवा. मराठी गाण्यांना देवनागरी टॅग द्यावेत असं मला मनापासून वाटतं. शोधताना मराठी कीबोर्डवर दोन अक्षरं टाकली की गाणं सापडतं, आणि रोमनमध्ये 'ळ' कसा लिहिला होता ते आठवावं लागत नाही. मात्र अर्धी गाणी रोमनमध्ये आणि अर्धी देवनागरीत ठेवू नका. यादीत रोमन नावं आधी आणि देवनागरी खूप खाली जातात, आणि खालची गाणी 'गायब' झाल्यासारखी वाटतात. एक अडचण खरी आहे: जुन्या कार स्टीरिओवर देवनागरीऐवजी चौकोन दिसतात किंवा जोडाक्षरं तुटतात. गाडीसाठी रोमन टॅगचा वेगळा पेन ड्राइव्ह करा, मूळ संग्रह बिघडवू नका.

४.४ टॅगची आवृत्ती. एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये 'आयडी३व्ही२.३ यूटीएफ-१६' निवडा. जुन्या 'आयडी३व्ही१'मध्ये देवनागरी मावतच नाही आणि नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे. नावाच्या जागी चित्रविचित्र रोमन चिन्हांची रांग दिसत असेल, तर मजकूर शाबूत असून चुकीच्या कोडिंगने वाचला जातोय, तो बहुधा परत मिळवता येतो. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर मजकूर गेला. नव्याने टाइप करा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली यादी थेट टॅगमध्ये चिकटवू नका. आधी ती युनिकोडमध्ये, म्हणजे फोनला वाचता येणाऱ्या प्रमाण देवनागरीत बदलून घ्या, नाहीतर ती फोनवर वाचताच येणार नाही.

४.५ क्रमांक. ट्रॅक नंबरचं खानं प्रत्येक फाइलला भरा. फाइलच्या नावातही सुरुवातीला ०१, ०२ असा दोन आकडी क्रमांक द्या. नुसता १, २ दिला तर काही ठिकाणी १ नंतर १०, ११ येतात आणि मग २. नाटकाच्या पदांना, कीर्तनाच्या पूर्वरंग-उत्तररंगाला हे फार लागतं.

४.६ कचरा काढा. इकडून तिकडून आलेल्या फाइलींच्या नावात, अल्बममध्ये, 'कॉमेंट'मध्ये वेबसाइटच्या जाहिराती असतात. सगळ्या फाइली निवडून ते खानं एकदम रिकामं करता येतं. मुखपृष्ठाचं चित्र ६०० ते ८०० पिक्सेलचं जेपीईजी पुरे. त्याहून फार मोठी चित्रं जागा खातात, आणि काही प्लेअर ती दाखवतही नाहीत.

फाइलींची नावं बरी आहेत आणि टॅग कोरे आहेत, अशी स्थिती असेल तर हाताने टाइप करू नका. एमपी३टॅगमध्ये फाइलच्या नावावरून टॅग भरायची सोय आहे. पहिल्यांदा एकाच फोल्डरवर करून बघा.

तपासा: कॉम्प्युटरवरच म्युझिकबी किंवा फूबार२००० या गाणी वाजवायच्या प्रोग्राममध्ये संग्रह उघडा. इथे अल्बम तुटलेला दिसला तर फोनवरही बहुधा तुटणार. 'अननोन' शून्यावर आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: फाइलींची नावं

एका अल्बममधली दोनच गाणी फोनवर जात नाहीत, बाकी जातात. कारण काय? बऱ्याचदा नाव लांब असतं. ॲण्ड्रॉइडच्या अंतर्गत मेमरीत एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे मर्यादा ८५ चिन्हांची, तीही काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजून. 'स्त्री' हे एक अक्षर म्हणजे सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. विंडोजवर तेच लांब नाव बिनतक्रार चालतं, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. राग, ताल, ठिकाण, तारीख सगळं नावात कोंबलेल्या मैफलींच्या फाइली इथेच अडकतात. नाव लहान करा, बाकी तपशील टॅगमध्ये लिहा.

नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखा कोलन, तारा (*), अवतरणचिन्ह, उभी रेघ ठेवू नका. मेमरी कार्डावर ही चिन्हं चालत नाहीत. मॅकवर नावं दिली असतील तर हे आवर्जून बघा, कारण मॅक यातली बरीच चिन्हं चालवून घेतो.

## टप्पा ६: ॲण्ड्रॉइडवर नेणं

१. केबल डेटाची आहे का? बाजारात नुसत्या चार्जिंगच्या केबलही मिळतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. फोन चार्ज होतो, कॉम्प्युटरला दिसत नाही.

२. फोनचं लॉक उघडा, वरून नोटिफिकेशन ओढा, 'चार्जिंग'च्या जागी 'फाइल ट्रान्स्फर' निवडा. कॉम्प्युटरवर फोनचं फोल्डर रिकामं दिसणं याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच.

३. मॅक असेल तर फोन आपोआप दिसणार नाही. ओपनएमटीपीसारखा प्रोग्राम लागेल.

४. फोनमधल्या 'म्युझिक' फोल्डरमध्येच टाका. आधी एकच अल्बम नेऊन बघा. नावं, क्रम, चित्र ठीक आले की मग बाकीचे, पण एकदम वीस जीबी नाही, दोन-तीन जीबीच्या तुकड्यांनी. फोन जोडायची ही पद्धत मधेच तुटली तर कुठपर्यंत झालं ते धड सांगत नाही.

५. कॉपी सुरू असताना फोनवर दुसरं काही करू नका आणि केबल हलवू नका.

ब्लूटूथने संग्रह पाठवण्याच्या फंदात पडू नका. एक गाणं ठीक आहे, हजार गाण्यांना दिवस जाईल.

मेमरी कार्ड वापरत असाल तर आधी ते खरं आहे का ते तपासा. ५१२ जीबी लिहिलेलं आणि आत ३२ जीबीच असलेलं बनावट कार्ड आपल्याकडे सर्रास विकलं जातं. ते सुरुवातीला सगळं घेतं, नंतर गाणी अर्ध्यात तुटतात. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३ हा प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून परत वाचतो आणि खरी जागा सांगतो. वेळ लागतो, पण रात्री लावून ठेवा. कार्ड फोनमध्ये घातल्यावर 'अंतर्गत मेमरी म्हणून' हा पर्याय निवडू नका, 'पोर्टेबल' निवडा. नाहीतर कार्ड त्या फोनला बांधलं जातं आणि दुसरीकडे वाचता येत नाही.

प्लेलिस्ट: कॉम्प्युटरवर केलेली यादी फोनवर रिकामी उघडते, कारण तिच्यात 'डी ड्राइव्हवरचं अमुक फोल्डर' असा पत्ता असतो, आणि फोनला डी ड्राइव्ह नाही. यादी 'एम३यू८' प्रकारात आणि सापेक्ष पत्त्याने, म्हणजे ड्राइव्हचं नाव न घेता यादीच्या जागेपासून मोजलेल्या पत्त्याने सेव्ह करा. साधा 'एम३यू' देवनागरी नावं बिघडवू शकतो. म्युझिकबीमधून फोन सिंक केला (कॉम्प्युटरवरचा संग्रह फोनशी जुळवून घेतला) तर पत्ते तो स्वतःच बदलून देतो.

## टप्पा ७: आयफोनवर नेणं

इथे फाइली ओढून टाकणं चालत नाही. आधी गाणी कॉम्प्युटरच्या म्युझिक लायब्ररीत घ्यायची, मग ती लायब्ररी फोनशी सिंक करायची. मॅकवर मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीत आणि त्यापुढे हे काम फाइंडर या फाइली दाखवणाऱ्या ॲपमधून होतं. विंडोजवर ॲपल म्युझिक आणि ॲपल डिव्हायसेस ही दोन ॲप लागतात, किंवा जुनं आयट्यून्स.

क्रम असा: फोन जोडा, लॉक उघडा, 'ट्रस्ट' दाबा. 'फोन जोडताच आपोआप सिंक' हा पर्याय आधी बंद करा. मग म्युझिकच्या टॅबमध्ये अख्खी लायब्ररी न निवडता प्लेलिस्ट किंवा कलाकार निवडा. मूळ संग्रह लॉसलेस असेल, तर जनरल टॅबमध्ये जास्त बिटरेटची गाणी एएसी करून पाठवण्याचा पर्याय आहे. त्याने कॉम्प्युटरवरचं मूळ तसंच राहतं आणि फोनमध्ये हलकी प्रत जाते.

सावधान: आयफोन एका वेळी एकाच लायब्ररीशी सिंक होतो. दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून सिंक करायला गेलात की 'इरेज अँड सिंक' असं विचारलं जातं. त्यावर हो म्हटलं, तर फोनमध्ये आधीच्या कॉम्प्युटरवरून आलेली सगळी गाणी पुसली जातात. मुलाच्या लॅपटॉपवरून 'दोनच गाणी' टाकायला गेलेल्यांचे संग्रह असेच गेलेत.

ॲपल म्युझिकची वर्गणी असून फोनवर 'सिंक लायब्ररी' चालू असेल, तर केबलने गाणी सिंक करता येत नाहीत. दोन्हीपैकी एक निवडावं लागतं. ते बंद केलं की ॲपल म्युझिकमधून फोनवर उतरवलेली गाणी जातात, हे आधी जाणून घ्या.

एवढ्या भानगडी नको असतील तर आयफोनवर व्हीएलसी हे प्लेअर ॲप घ्या आणि फाइंडरच्या 'फाइल्स' टॅबमधून किंवा वायफायने त्यात फाइली टाका. एफएलएसीही वाजतो. घरच्या ध्वनिमुद्रणांसाठी मला हाच मार्ग बरा वाटतो.

## टप्पा ८: फोनमधल्या सेटिंग

परवानगी: ॲण्ड्रॉइडवर प्लेअरने 'संगीत आणि ऑडिओ'ची परवानगी मागितली आणि तुम्ही नाकारली, तर फोनमध्ये गाणी असूनही यादी कोरी राहील.

बॅटरी: पडदा बंद केला की दोन गाण्यांनंतर आवाज थांबतो? फोन बॅटरी वाचवायला प्लेअर बंद करतोय. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनिर्बंध' निवडा.

फोल्डर: गाण्यांमध्ये व्हॉट्सॲपचे आवाजी निरोप वाजू लागले तर प्लेअरमध्ये ते फोल्डर वगळा. उलट, एखादं फोल्डर दिसतच नसेल तर त्यात 'डॉट नोमीडिया' नावाची लपलेली फाइल आहे का ते बघा. ती असली की प्लेअर ते फोल्डर वगळतो.

गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पडू देता वाजवणं): विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असलेल्या ख्यालात मधे खटका ऐकू येत असेल तर हा पर्याय चालू करा. सोबत क्रॉसफेड बंद ठेवा. तो समेवर आलेलं गाणं पुढच्यात मिसळून टाकतो.

आवाजाची पातळी: कॅसेटवरून घेतलेली गाणी हळू, नवी चित्रपटगीतं कानठळ्या बसवणारी. कॉम्प्युटरवर फूबार२००० मध्ये 'रीप्लेगेन' (गाणं किती मोठ्याने वाजतं याचं माप) मोजून टॅगमध्ये लिहा आणि ते वाचणारा प्लेअर वापरा. मूळ आवाजाला धक्का लागत नाही.

तास-तासभराची कीर्तनं, व्याख्यानं, मुलाखती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्लेअरच्या गाण्यांच्या यादीतून वगळा. त्यांच्यासाठी थांबलेली जागा लक्षात ठेवणारा प्लेअर हवा.

तपासा: फोन विमान मोडवर टाका. पाच वेगवेगळ्या फोल्डरांतलं शेवटचं गाणं लावा आणि शेवटच्या मिनिटापर्यंत सरकवून ऐका. अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला ठीक वाजते, फसवते ती शेवटी. एक नाव देवनागरीत टाइप करून शोधा. पडदा बंद करून चार गाणी वाजू द्या.

## टप्पा ९: नंतरची भर

नवीन गाणं आलं की तेही याच वाटेने जाईल: कॉम्प्युटर, टॅग, बाहेरच्या डिस्कवर प्रत, मग फोन. फोनवर टॅग दुरुस्त करू नका. पुढच्या सिंकमध्ये ती दुरुस्ती पुसली जाईल.

फ्रीफाइलसिंकसारखा दोन फोल्डर जुळवणारा प्रोग्राम वापरत असाल तर 'मिरर' (एक बाजू हुबेहूब दुसरीसारखी करणं) निवडताना बाणाची दिशा दोनदा बघा. डावीकडे कॉम्प्युटर, उजवीकडे फोन, बाण उजवीकडे. नवा कोरा फोन डाव्या बाजूला आणि कॉम्प्युटर उजवीकडे धरून मिरर केलं, तर प्रोग्राम इमानदारीत तुमचा कॉम्प्युटर कोरा करतो. 'कंपेअर' केल्यावर किती फाइली पुसल्या जाणार हा आकडा आधी दाखवला जातो. तो अपेक्षेपेक्षा मोठा असेल तर सिंकचं बटण दाबू नका.

फोन बदलताना जुन्या फोनवरून नव्यावर गाणी ढकलू नका, कॉम्प्युटरवरच्या मूळ फोल्डरवरूनच भरा. जुना फोन विकण्याआधी त्यातल्या रेकॉर्डर ॲपमध्ये घरच्यांचे आवाज राहिलेत का ते बघा. संग्रहाच्या बाहेर राहिलेली ध्वनिमुद्रणं बहुतेक वेळा तिथेच सापडतात.